कंट्रोल लाईन विमान आत येतंय, तारा ढिल्या पडतायत? रडर वाकवायच्या आधी हे बघा

हे फक्त कंट्रोल लाईनवाल्यांसाठी आहे, म्हणजे तारांना जोडलेलं मॉडेल विमान स्वतःभोवती गोल फिरवत उडवणाऱ्यांसाठी. रेडिओवाल्यांकडे ट्रिमचं बटण असतं, हवेत दोनदा दाबलं की काम झालं. आपल्याकडे दोन स्टीलच्या तारा आणि एक हँडल, जे काय सेट करायचं ते जमिनीवरच. एनसीसी एअर विंगची पोरं वायू सैनिक कॅम्पच्या आधी विमानं घेऊन येतात, रविवारी ग्राउंडवर येणारी हौशी मंडळी येतात, आणि तक्रार ठरलेली असते, "सर, विमान आत येतंय", म्हणजे नाक गोलाच्या मध्याकडे, उडवणाऱ्याकडे वळतंय. विमान हातात घेतलं की बहुतेक वेळा रडर (शेपटीच्या उभ्या पात्याचा, म्हणजे फिनचा, मागचा भाग) आधीच बाहेरच्या बाजूला चांगला अर्धा इंच वाकवलेला दिसतो, कारण कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की नाक आत येत असेल तर रडर बाहेर काढ. मग तरी फरक पडत नाही म्हणून अजून वाकवलेला. रडर हा या यादीत जवळजवळ शेवटी येतो, का ते खाली कळेल.

लक्षणं

मी धरून चाललोय की वरून बघितलं तर विमान घड्याळाच्या उलट दिशेने फिरतंय, म्हणजे डावा पंख तुमच्याकडे, आणि प्रॉप (प्रोपेलर) नेहमीचा, मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा.

नाक आत असेल तर हँडलला ओढ कमी लागते. वारा जिकडून येतो त्या बाजूला विमान गेलं की, किंवा डोक्यावरून नेताना, तारा लोंबतात, मग तुम्ही दोन पावलं मागे सरकून त्या ताणता आणि हळूहळू ते एवढं अंगवळणी पडतं की आपण प्रत्येक लूपला मागे चालतोय हेच लक्षात येत नाही. उडवून झाल्यावर बघा, जिथे उभे होतात तिथेच आहात का.

नाक जास्त बाहेर असेल तर कोणी तक्रारच करत नाही, कारण ओढ भरपूर असते, पोरं खूश. पण विमान खेकड्यासारखं तिरकं चाललेलं असतं, अंगावर हवा घेत जातं, लॅपचा (एका फेरीचा) वेळ वाढतो, आणि वर चढलं की वेग पडून नेमकी तिथेच ओढ जाते जिथे ती हवी असते. हाही दोषच आहे.

तिसरा प्रकार, लेव्हलला सगळं ठीक पण कॉर्नर मारला की नाक हलतं. वर ओढलं की बाहेर, खाली दाबलं की आत. चौथा, सुरुवातीला मस्त आणि टाकी संपत आली की बिघडतं. पाचवा, फक्त जमिनीवर धावताना आत वळतं, हवेत गेलं की सरळ. हा पाचवा सगळ्यात सोपा, चाकं बघा, लँडिंग गिअरची तार वाकलेली असते किंवा एक चाक घासत असतं. तार सरळ करा, दोन थेंब तेल टाका, विषय संपला, पुढचं वाचायचीही गरज नाही.

ओढ किती असायला हवी याचा अंदाज नसतो म्हणून हिशोब सांगतो. ६० फुटी तारा, म्हणजे १८ मीटर आणि थोडं वर, त्यात तुमचा हात आणि अर्धा पंख धरून त्रिज्या २० मीटरच्या आसपास. लॅप साधारण ५.३ सेकंदांचा असेल तर वेग होतो ताशी ८५ किलोमीटर आणि विमान आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट ओढतं. म्हणजे १२०० ग्रॅमचं विमान साडेतीन किलोच्या आसपास. भाजीची भरलेली पिशवी हातात धरा तेवढी ओढ लेव्हलला हवी. त्यापेक्षा फार कमी वाटत असेल तर आधी लॅपचा वेळ मोजा, कदाचित यॉ (नाक आत-बाहेर वळणं) वगैरे काही नसून इंजिनच नीट चालत नाहीये, नीडल व्हॉल्व्ह (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) बघा.

यॉ आहे का रोल, हे आधी ठरवा

इथेच निम्मे लोक चुकतात. बाहेरचा पंख वर-खाली झुकणं हा रोल, नाक आत-बाहेर वळणं हा यॉ, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. रोलवर यॉचा उपाय केला की विमान दोन्हीकडून बिघडतं.

एकाला तुमच्या बरोब्बर मागे उभं करा, तुमच्यासोबत फिरत राहायला सांगा, मोबाईल झूम करून स्लो मोशनमध्ये शूट करायला लावा. विमान डोळ्यांच्या उंचीला सरळ उडवा. आता व्हिडिओ थांबवून बघा. पंख फक्त एका रेघेसारखा दिसला तर रोल नाही. पंखाची खालची बाजू दिसत असेल तर बाहेरचा पंख खाली झुकलाय, वरची बाजू दिसत असेल तर तो वर उचललाय.

यॉसाठी चाकं बघा. जवळचं चाक आणि लांबचं चाक एकमेकांवर बरोब्बर झाकलेलं असेल तर विमान सरळ चाललंय. लांबचं चाक शेपटीकडे सरकलेलं दिसलं तर नाक बाहेर, लांबचं चाक नाकाकडे डोकावतंय तर नाक आत. दोन चाकांत २५ सेंटीमीटर अंतर असेल आणि यॉ ३ डिग्री असेल तर चाक साधारण १३ मिलिमीटर सरकलेलं दिसतं, म्हणजे नेहमीच्या दोन इंची चाकाचा चौथा भाग, व्हिडिओत सहज कळतो. थोडं बाहेर असणं चालतं, चाक अगदी किंचित मागे. शूट करणारा तुमच्या मागेच हवा, फूटभर जरी बाजूला सरकला तरी डिग्रीभराची चूक येते.

फुकटातल्या तपासण्या

पहिली वारा. वाऱ्यात प्रत्येक विमान एका बाजूला आत येतं, ते ट्रिम करून जाणार नाही. सकाळी लवकर, झाडाची पानं हलत नाहीत तेव्हा उडवून बघा. शांत हवेत दोष दिसला तरच पुढे जा. सोडायची जागाही बघा, विमान उचललं जाताना वारा त्याला तुमच्यापासून लांब ढकलेल अशा बाजूला सोडा.

दुसरी तारा. किती लांब, किती जाड, मागच्या वेळी याच होत्या का. हे फार लोक विसरतात आणि हे महत्त्वाचं आहे, कारण तारा हवेत सरळ नसतात, हवेच्या रेट्याने मागे कमानीसारख्या वाकतात, त्यामुळे पंखापाशी येणारी तार थोडी मागच्या दिशेने ओढत असते. लीडआउट (पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या दोन तारा, ज्यांना आपल्या तारा जोडतो) सीजीच्या (जिथे विमानाचा तोल साधतो तो बिंदू) मागे ठेवतात ते त्याचसाठी. आता तुम्ही ०.०१२ इंचाच्या तारा काढून कोणाकडून तरी ०.०१५ च्या आणल्या, किंवा ५२ फुटांच्या ६० केल्या, तर कमान वाढली आणि कालपर्यंत बरोबर असलेलं लीडआउट आज चुकीचं झालं. विमानाला कोणी हातही लावलेला नाही आणि ते आत येतंय. असं झालं असेल तर जुन्या तारा लावून एकदा उडवा, खात्री पटेल.

तिसरी दोरा. शेपटीच्या मधोमध टाचणी लावा, तिथून दोन्ही पंखांवर मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर खुणा करून दोऱ्याने मोजा. टोकापर्यंत मोजू नका, आतला पंख पुष्कळ डिझाईनमध्ये मुद्दामच इंचभर लांब असतो. दोन मापांत ३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर पंख बॉडीवर तिरका चिकटलाय. याच्यावर ट्रिम नावाची गोष्ट नाही, तो कापून पुन्हा चिकटवायचा. पण मापलं नाही तर पुढचे दोन महिने लीडआउट मागे-पुढे करण्यात जातील. फिनपण बघा, तो बॉडीवर सरळ आहे का. ट्रेनर किटमध्ये फिन घाईत फेविक्विकने चिकटवलेला असतो आणि वाकडाच सुकलेला असतो.

आणि याच वेळी रडर परत सरळ करा. पूर्ण सरळ, किंवा फार तर मागच्या कडेला ३ मिलिमीटर बाहेर. सांगायचं कारण, वाकवलेला रडर वेगाप्रमाणे जोर बदलतो. लेव्हलला वेग जास्त तेव्हा तो नाक जोरात बाहेर ढकलतो, जेव्हा त्याची गरज नाही, आणि डोक्यावर वेग पडला की तो ढिला, जेव्हा गरज आहे. आणि सगळा वेळ ब्रेक लावल्यासारखा ड्रॅग. तो तसाच ठेवून बाकी काही तपासलं तर प्रत्येक उत्तर खोटं येतं.

पंखाचा पीळ

पंख मागून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, दोन्ही मागच्या कडा समांतर आहेत का, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) असतील तर दोन्ही एकाच लेव्हलला आहेत का. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत विमान तासभर राहिलं की फिल्म (पंखावरचं प्लास्टिकचं आवरण) ओढली जाते आणि पंखाला पीळ बसतो, पावसाळ्यात टिश्यू-डोपचे पंख वेगळेच नखरे करतात.

पीळ आहे का वजनाचा प्रश्न आहे हे हवेत कळतं. सरळ उडवताना बाहेरचा पंख खाली आणि उलटं उडवताना तोच वर, म्हणजे पीळ. सरळ आणि उलटं दोन्हीत बाहेरचा पंख खालीच, म्हणजे टोकाचं वजन जास्त. ज्याला उलटं उडवता येत नाही त्याने दुसऱ्याला उडवायला सांगावं, उगाच शिकायला जाऊन विमान जमिनीत घालू नका. पीळ काढायला दोघं लागतात, एकाने उलटा पीळ देऊन धरायचं आणि दुसऱ्याने फिल्मच्या इस्त्रीने किंवा हीट गनने हळूहळू गरम करायचं, मग थंड होईपर्यंत सोडायचं नाही. आतून बाल्सा कुरकुरल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा.

लटकवून बघणं

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी तपासणी ही आणि हिला दोन मिनिटं लागतात. टाकी रिकामी. दोन्ही लीडआउटना सारख्या लांबीचे दोरे बांधा, दोन्ही एकत्र एका खिळ्याला अडकवा, एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलणारा भाग) सरळ राहील असं. विमान बाहेरचा पंख खाली करून लटकेल. आता नाक कुठे आहे ते बघा. नाक किंचित खाली हवं, २ ते ३ डिग्री. विमान अगदी आडवं लटकत असेल किंवा शेपूट खाली जात असेल तर नाक आत येण्याचं कारण सापडलं. नाक ५-६ डिग्री खाली असेल तर ते बाहेर बघत उडणार हे नक्की.

याचं कारण सरळ आहे. विमान बाहेर पळायला बघतं ते सीजीतून आणि तारा आत ओढतात त्या लीडआउटमधून. लीडआउट सीजीच्या जितकं मागे तितकं नाक बाहेर, जितकं पुढे तितकं आत. पंखाच्या टोकाला दोन लीडआउटच्या मधला बिंदू सीजीच्या साधारण पाऊण ते एक इंच मागे, इथून सुरुवात करा, ३५ साईझच्या (०.३५ घन इंच) इंजिनाच्या विमानाला हे जवळपास बरोबर येतं.

म्हणून आधी सीजी मोजा. दोन बोटांवर विमान उचला. फ्लॅपवाल्या स्टंट विमानाला पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २० टक्क्यांच्या आसपास, साध्या ट्रेनरला अजून थोडा पुढे. सीजी मागे गेला, समजा शेपटीला दुरुस्ती करताना कोणी अर्धी ट्यूब अराल्डाईट ओतलं, तर लीडआउट न हलवताही ते सीजीच्या मानाने पुढे गेलं ना, आणि नाक आत आलं. चौथं लक्षण, टाकी संपत आली की बिघडणं, तेही हेच. टाकी सीजीच्या पुढे असते, इंधन संपतं तसा सीजी मागे सरकतो. अशा वेळी लीडआउट हलवू नका, नाकात थोडं वजन टाका किंवा टाकी शक्य तितकी मागे सरकवा. मागे सरकवलीत तर इंजिनाचं सेटिंग पुन्हा बघायला लागेल तेवढं लक्षात ठेवा. बॅटरीवाल्यांना हा त्रासच नाही, बॅटरी उडताना हलकी होत नाही, फक्त वेल्क्रो ढिलं होऊन सरकत नाहीये ना ते बघा.

लीडआउट सरकवणं

टोकाला स्लायडर असेल तर स्क्रू ढिला करा, ३ मिलिमीटर मागे, घट्ट करा, उडवा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक वेळी लॅपचा वेळ लिहा. लीडआउट मागे नेलं की ओढ वाढत जाते, मग एक जागा येते जिथून पुढे ओढ वाढत नाही आणि लॅपचा वेळ मात्र वाढायला लागतो. तिथून लीडआउट एक पाऊल परत नाकाकडे आणा, ती तुमची जागा.

स्लायडर नसेल, साध्या किटमध्ये नसतोच, तर ३ मिलिमीटर प्लायची पट्टी घ्या, ६ मिलिमीटर अंतराने भोकं पाडा, टोकाच्या रिबला बाहेरून एपॉक्सीने चिकटवा आणि वर दोन छोटे स्क्रू मारा. उघड्या प्लायच्या भोकातून तार ओवू नका, करवतीसारखी घासून तिचे धागे तुटायला लागतात. प्रत्येक भोकात पितळी आयलेट ठोका, बुटाच्या लेसच्या भोकाला असते ती, मोच्याकडे मिळते, तोच ठोकूनही देतो. दोन लीडआउटमधलं अंतर बदलायचं नाही, दोन्ही सारखीच सरकवायची.

आत येणाऱ्या विमानांपैकी बहुतेक इथेच बरी होतात.

टोकाचं वजन

बाहेरच्या पंखाच्या टोकात जे वजन टाकतात ते आतल्या पंखाला लटकलेल्या तारांचा भार सावरण्यासाठी. कमी पडलं तर बाहेरचा पंख वर राहतो आणि डोक्यावर विमान तुमच्याकडे कलतं, जास्त झालं तर प्रत्येक कॉर्नरला बाहेरचा पंख लटकन खाली जातो. ट्रायलसाठी नाणी बेस्ट. २०११ च्या सिरीजचं (२०१९ च्या आधीचं) एक रुपयाचं नाणं पावणेचार ग्रॅमचं, त्याच सिरीजचं पाचाचं सहा ग्रॅमचं. टोकाला टेपने घट्ट चिकटवा, सीजीच्या रेषेत, एका वेळी एकच नाणं कमी-जास्त. पक्कं झालं की टायरवाल्याकडून चाक बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आणून तेवढंच आत बसवा आणि वर फिल्म लावा, नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका, सुटलेलं वजन ताशी ८५ ने कोणाच्या तरी डोक्यात जाईल.

इंजिनाचा कोन

आता पान्याची कामं. इंजिन १ ते २ डिग्री बाहेर बघत असलेलं चालतं, आत बघत असेल तर मात्र कारण तेच. प्रॉप आडवा करून दोन्ही टोकांपासून फिनच्या मागच्या कडेपर्यंत मापा. फायरवॉलवर (इंजिनामागची उभी पाटी) माउंट असेल तर डाव्या बाजूच्या दोन बोल्टखाली एकेक एम ३ वॉशर घाला, वॉशर अर्ध्या मिलिमीटरचा आणि बोल्टमधलं अंतर ३० मिलिमीटर असेल तर साधारण एक डिग्री होते. बीम माउंट (इंजिन दोन आडव्या दांड्यांवर बसवलेलं) असेल तर भोकं थोडी लांबट करून इंजिन फिरवावं लागतं. बोल्टना लॉकटाईट लावा. दोन डिग्रीच्या पुढे जाऊ नका, कोणी पाच-सहा डिग्री द्यायला सांगितलं तर त्याचं लीडआउट चुकीचं आहे एवढंच समजा.

तिसरं लक्षण, वर ओढलं की नाक बाहेर आणि खाली दाबलं की आत, हे प्रॉपच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे होतं. फिरणाऱ्या प्रॉपला वर कलवलं की तो नाक उजवीकडे ढकलतो, खाली कलवलं की डावीकडे, आणि आपल्यासाठी उजवीकडे म्हणजे बाहेर. हे शून्य होत नाही, कमी होतं. मोठा जड प्रॉप काढून हलका लावा, इलेक्ट्रिकवाल्यांना याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. हे लीडआउट सरकवून घालवायला गेलात तर एक कॉर्नर सुधारतो आणि दुसरा बिघडतो, त्या नादात पडू नका.

आणि आता रडर

वरचं सगळं झालं, चाकं व्हिडिओत नीट झाकली जातायत, तरी टेक-ऑफला किंवा हळू वेगात ओढ थोडी कमी वाटते, तर रडर मागच्या कडेला ३ मिलिमीटर बाहेर, फार तर ६. त्याच्या पुढे जावंसं वाटलं तर परत दोऱ्याने मापायला बसा, काहीतरी सुटलंय.

कुठे थांबायचं

बेलक्रँक, म्हणजे लीडआउटची ओढ एलेव्हेटरपर्यंत नेणारा पंखातला फिरता तुकडा. लीडआउट हाताने मागेपुढे ओढताना खरखर लागत असेल, अडकत असेल, किंवा ओढल्यावर आतमध्ये काहीतरी हलल्यासारखं वाटत असेल तर उडवणं बंद. बेलक्रँकचा पाया सुटायला लागला असेल तर लीडआउटची जागा दर फेरीला बदलते, म्हणून ट्रिम टिकत नाही, आज बरोबर उद्या चूक असं जे होतं ते कधीकधी हेच असतं. आणि तो पूर्ण सुटला तर विमान तारांसकट गेलं. पंख उघडून हे करायचं काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या, जुना इन्स्ट्रक्टर किंवा स्वतः विमानं बांधणारा कोणी. स्पारला तडा, इंजिनाच्या कानाला तडा, वाकलेली क्रँकशाफ्ट, याही गोष्टी घरी एपॉक्सीने होत नाहीत.

तारेचा एकही धागा तुटलेला दिसला किंवा घट्ट पीळ बसून मोड आला तर ती तार फेकून द्या, तिला जोड मारायचा नाही. दुरुस्तीनंतर पुल टेस्ट करा, स्टंटसाठी विमानाच्या वजनाच्या दहापट, म्हणजे १२०० ग्रॅमला १२ किलो, दोन्ही तारा धरून ताणकाट्याने. मनगटाला सेफ्टीची दोरी असायलाच हवी. आणि ग्राउंडच्या कडेने विजेच्या तारा जात असतील तर तिथे ट्रायलला उभेच राहू नका, हातात १८ मीटर स्टील धरलेलं असतं.

कोणाकडे विमान घेऊन जाणार असाल तर नुसतं "आत येतंय" सांगू नका, हे लिहून न्या: रिकाम्या टाकीचं वजन, सीजी पुढच्या कडेपासून किती, लीडआउट सीजीच्या किती मागे, तारांची लांबी आणि जाडी, प्रॉप कुठला, लॅपचा वेळ, टोकात किती ग्रॅम, आणि चाकांचा तो व्हिडिओ. पुष्कळदा हे आकडे वाचूनच फोनवर काम होतं, विमान आणावंच लागत नाही.